इंजिनाचं पाणी जोखताना

डिझेल गाडीचा हीटर थंड वारा सोडू लागला, की पहिला संशय हीटरवरच जातो. गाडी गॅरेजला लावली जाते, 'हीटर बिघडलाय' एवढंच सांगितलं जातं आणि मिस्त्री डॅशबोर्ड उघडायच्या तयारीला लागतो. पण मोटारीच्या हीटरमध्ये बिघडण्यासारखं असतंच किती? त्यात उष्णता तयार करणारं काहीही नसतं. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी सतत फिरत असतं, त्याचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या लहानशा जाळीतून नेलेला असतो. ब्लोअर त्या जाळीवरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन आपल्या पायांवर येते. हीटर म्हणजे एवढंच.

हीटरला स्वतःची ऊब नसते, ती इंजिनाकडून उसनी आलेली असते. इंजिनातलं पाणी कमी झालं, त्यात हवा शिरली, पंप थकला किंवा थर्मोस्टॅट अडकला, तर त्याची खबर अनेकदा डॅशबोर्डवरच्या काट्याआधी हीटरला लागते. म्हणून हीटर थंड असेल तर आधी इंजिनाचं पाणी तपासायचं. आणि इंजिन वारंवार तापत असेल, तर हीटर लावून बघायचा. या प्रकरणात दोन्ही तक्रारी एकत्र घेतल्या आहेत त्या यामुळेच.

आपल्याकडे ही खबर घ्यायला कुणी नसतं. महाबळेश्वरची किंवा निफाडची जानेवारीतली एखादी पहाट सोडली, तर महाराष्ट्रात तापमानाची कळ लाल खुणेकडे फिरवायची वेळ येत नाही. नाशिकची किंवा पुण्याची गाडी पाच-सहा वर्षं बिनतक्रार धावते. मग एके वर्षी लेहचा बेत ठरतो. मनालीच्या पुढे नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडून गाडी लाहौलमध्ये उतरते, कळ लाल खुणेवर जाते आणि आतून गार झुळूक येते. बिघाड तिथे झालेला नसतो. तो गाडीबरोबर घरूनच आलेला असतो.

डिझेलची काटकसर

बॉनेट उघडण्याआधी एक हिशेब करू, कारण काही वेळा हीटर थंड असण्यात गाडीचा काहीच दोष नसतो.

१८९७ साली आउग्सबुर्गमध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण २६ टक्के भाग कामात बदलून दाखवला. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिनं याच्या निम्म्यावरही पोचत नव्हती. आजची मोटारींची डिझेल इंजिनं योग्य वेगाला आणि योग्य भाराला ४० टक्क्यांच्या घरात जातात. मालकाच्या खिशाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट. पण जी उष्णता चाकं फिरवायला लागली, ती पाणी तापवायला उरत नाही.

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा किलोवॉट-तास, म्हणजे विजेच्या मीटरवरची दहा युनिटं, एवढी ऊर्जा असते. दोन-सव्वादोन लिटरचं इंजिन गाडी जागेवर उभी असताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल घेतं. समजा, सहा युनिटं. त्यातली काही सायलेन्सरमधून निघून जातात, काही पंप, पंखा आणि अल्टरनेटर फिरवण्यात खर्ची पडतात, काही इंजिनाच्या अंगावरून वाऱ्यावर जातात. पाण्याच्या वाट्याला येतात ती जेमतेम दोन. तीच गाडी ताशी ७० किलोमीटरने, लिटरला १५ चं ॲव्हरेज देत धावू लागली, की तासाला साडेचार लिटरहून जास्त डिझेल जळतं आणि पाण्यात जाणारी उष्णता कितीतरी पटींनी वाढते.

त्यात आणखी एक भर. पेट्रोल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने आवळलेली असते. डिझेल इंजिन मात्र जागेवर फिरतानाही जवळपास सिलिंडरभर थंड हवा ओढतं, ती किंचित तापवतं आणि बाहेर टाकतं. म्हणून उणे दहा अंशांत डिझेल गाडी जागेवर चालू ठेवली, तर तापलेलं इंजिनही हळूहळू निवू लागतं. हा बिघाड नाही. युरोपातल्या थंड देशांत विकल्या जाणाऱ्या अनेक डिझेल गाड्यांत यासाठी जादा हीटर देतात. काहींत विजेवर हवा तापवणारा, काहींत डिझेलच जाळून पाणी तापवणारा. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही त्यातली जुनी नावं. आपल्या गाडीत तसं काही आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवावं.

तेव्हा डिझेलच्या हीटरची परीक्षा उभ्या गाडीत घ्यायची नाही. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवावी, त्यात थोडा चढ असावा, आणि मग हवेच्या झडपेशी हात धरावा. तेव्हाही हवा कोमटच असेल, तर पुढची तपासणी सुरू होते.

आणि उबेसाठी बर्फात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपायचं तर कधीच नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं, की धूर गाडीखाली कोंडतो आणि फटीफटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूमागे थंडीबरोबर हा वायूही असल्याचं मानलं गेलं.

पाण्याची वाट

पाणी फिरवतो तो पंप. आपल्याकडचे मिस्त्री त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो, ते सिलिंडरांभोवती फिरून हेडमध्ये चढतं आणि तिथून त्याला दोन वाटा मिळतात. धाकटी वाट हीटरच्या जाळीतून आणि बायपासमधून परत पंपाकडे येते. थोरली वाट रेडिएटरमधून जाते. थोरल्या वाटेवर जो पहारेकरी बसवलेला असतो, तो थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेणाची गोळी असते. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. पाणी निवलं की स्प्रिंग झडप परत मिटवते. वीज नाही, वायर नाही. सर्जियस व्हर्ने याने १९३० च्या दशकात अशी मेणावर चालणारी झडप घडवली आणि मोटारींनी ती उचलली. बऱ्याच गाड्यांत ती ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागते आणि आणखी दहा-बारा अंशांनी पूर्ण उघडते. उघडण्याचा अंश बहुधा तिच्या अंगावरच छापलेला असतो. गाडी थंड असताना थोरली वाट बंद राहते, म्हणून पाणी लवकर तापतं आणि हीटरला ऊब मिळते.

पाण्याचा तिसरा राखणदार म्हणजे रेडिएटरचं झाकण. शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, तसंच इथेही. साधारण ०.९ बारचं झाकण असेल, तर समुद्रसपाटीला साधं पाणीही ११९ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की हे संरक्षण जातं. एवढ्याशा भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि 'गाडी उकळते' या तक्रारीचं मूळ कैकदा तिथेच निघतं.

'काढून टाकतो, साहेब'

गाडी घाटात गरम होते म्हणून गॅरेजला नेली, तर एक संवाद हमखास कानावर पडतो.

"साहेब, थर्मोस्टॅट काढूनच टाकतो. गाडी परत गरम होणार नाही."

"पण मिस्त्री, कंपनीने बसवलाय तो उगाच का?"

"कंपनी सगळ्या मुलखांसाठी बनवते हो. आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय?"

मिस्त्रीचं म्हणणं अगदी निराधार नसतं. बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन खरोखरच तापवतो आणि तो काढला की काटा लगेच खाली येतो. पण त्याने बिघाड दुरुस्त होत नाही, झाकला जातो. रेडिएटर तुंबलेला असेल, पंखा संथ फिरत असेल, तर ते तसंच राहतं. पहारेकरी नसल्याने थंड सकाळी पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातं आणि सपाट रस्त्यावर इंजिन पन्नास-साठ अंशांपलीकडे चढत नाही. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. काजळी वाढते, न जळलेलं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर लवकर झिजतात आणि ॲव्हरेज घटतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत याचा जाच आणखी जास्त. काजळी अडवणाऱ्या फिल्टरची स्वतःहून होणारी सफाई इंजिन पुरेसं तापल्याशिवाय सुरूच होत नाही.

गंमत म्हणजे काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी चढावर जास्त तापते. अशा थर्मोस्टॅटला खाली आणखी एक तबकडी असते. मुख्य झडप उघडते तेव्हा ती तबकडी बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधून जायला भाग पडतं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं.

म्हणून जुनी गाडी विकत घेतली असेल आणि हीटर थंड असेल, तर थर्मोस्टॅट चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. तो जागेवर आहे का, हे आधी पाहायचं.

हाताने करायची तपासणी

यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. क्रम मात्र पाळावा लागतो. पहिली पायरी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. झाकण उघडायचं ते फक्त तेव्हाच. गरम इंजिनाचं झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं.

गाडीत दोनपैकी एक रचना असते. पहिलीत झाकण रेडिएटरवर असतं आणि शेजारी पाणी साठवणारी साधी प्लॅस्टिकची बाटली. दुसरीत दाब पेलणारी टाकी असते आणि झाकण तिच्यावरच असतं. पहिल्या प्रकारात बाटलीवर विसंबू नये. गाडी निवताना रेडिएटर बाटलीतलं पाणी परत ओढून घेतो, पण झाकणातली ओढण्याची बारीक झडप चिकटली की बाटली खुणेपर्यंत भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून अर्धा रिकामा असतो. म्हणून झाकण काढून डोळ्यांनी पाहावं. पाणी काठोकाठ हवं.

दुसरी पायरी इंजिन सुरू झाल्यावरची. रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपावर हाताची मागची बाजू टेकवायची. पंख्यापासून मात्र हात, ओढणी, मफलर लांब ठेवायचे. विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गारच राहतो. इंजिन तापत जातं, काटा चढतो, तरी पाइप गार. मग झडप उघडते आणि थोड्याच वेळात पाइपाला हात लावून ठेवता येत नाही. याउलट पाइप पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा थर्मोस्टॅटच नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या तोंडाशी असतो. तिथे हीच परीक्षा खालच्या पाइपावर घ्यायची.

खात्री हवी असेल तर प्रवासातच करता येते. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून अर्धी जाळी झाकायची आणि काट्यावर सतत नजर ठेवून थोडं अंतर जायचं. हीटर गरम झाला, तर दोष थर्मोस्टॅटचा. पुठ्ठा मग लगेच काढायचा.

काट्यावर मात्र फार भरवसा नको. अनेक नव्या गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. पाणी ७५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्यावरच. खरं तापमान पाहायचं तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं छोटं यंत्र मिळतं, ते मोबाइलवर आकडा दाखवतं. पाणी ठरलेल्या तापमानापर्यंत पोचतच नसेल, तर पी-०१२८ हा कोड नोंदला जातो. त्याचा रोख बहुतेक वेळा थर्मोस्टॅटकडेच असतो.

संशयित थर्मोस्टॅट काढून हातात घेतला, की स्वयंपाकघरात त्याची परीक्षा घेता येते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर. दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. ७५ झाले, ७८ झाले, काहीच हालत नाही. मग छापलेल्या आकड्याच्या आसपास तबकडीच्या एका कडेला नखाएवढी फट दिसते, ती वाढत गोल फिरते आणि पाणी उकळेपर्यंत झडप आठ-दहा मिलिमीटर उचललेली असते. गॅस बंद केल्यावर ती मिटतही गेली पाहिजे. ही परीक्षा लेहच्या हॉटेलात करू नये. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तिथे चांगला थर्मोस्टॅटही अर्धवट उघडलेला दिसेल. नवा बसवताना झडपेवरचं बारीक भोक किंवा त्यातली लोंबती पिन वरच्या बाजूला ठेवायची. कोंडलेली हवा तिथून सुटते.

दोन पाइप

थर्मोस्टॅट ठीक निघाला, इंजिन नव्वदीला पोचलं, तरी हीटर थंडच असेल, तर बॉनेट आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे वळायचं. तिथून अंगठ्याएवढे दोन रबरी पाइप आत गेलेले दिसतील. एकातून पाणी हीटरच्या जाळीत जातं, दुसऱ्यातून परत येतं. तापमानाची कळ पूर्ण लाल खुणेवर ठेवून, इंजिन तापल्यावर दोन्ही चाचपायचे. निम्मं निदान इथेच होतं.

दोन्ही पाइप सारखेच गरम असतील, तर पाण्याची बाजू निर्दोष आहे. दोष हवेच्या बाजूला. थंड आणि गरम हवेचं प्रमाण ठरवणारी आतली फडकी अडकली असेल, तिची तार निसटली असेल, किंवा ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दात तुटले असतील. तसं असेल तर कळ फिरवताना डॅशबोर्डमागे कट-कट आवाज येतो. वर्षानुवर्षं निळ्या खुणेवरच राहिलेली तार जागेवर गंजून बसणं आपल्याकडे अगदी नेहमीचं. वाराच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर काढून पाहावा.

एक गरम आणि एक गार, याचा अर्थ पाणी दारापर्यंत येतं पण आत फिरत नाही. जाळी तुंबली आहे किंवा तिच्यात हवा कोंडली आहे.

इंजिन चांगलं तापलेलं आणि दोन्ही पाइप गार, तर पाण्याची पातळी, हीटरचा कॉक आणि पंप तपासायचे. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर वेगळा कॉक असतो, तो बंदच राहिलेला असतो. पंपाचा आतला पंखा गंजून झिजला किंवा दांड्यावर सैल झाला, तर बाहेरून पंप फिरताना दिसतो आणि पाणी मात्र ढकलत नाही.

आणखी एक खूण: रेस दिली की हीटर गरम, पाय उचलला की गार. पाणी कमी आहे, हवा आहे, पंप अशक्त झाला आहे किंवा जाळी अर्धवट तुंबली आहे. सुरुवात पातळीपासूनच करायची.

हवा आणि गॅस

हीटरची जाळी अनेक गाड्यांत पाण्याच्या मार्गातली सर्वांत उंच जागा असते, त्यामुळे पाणी बदलल्यावर राहिलेली हवा तिथेच जाऊन बसते. ती काढायची रीत अशी: गाडीचं नाक चढाकडे करायचं, थंड इंजिनाचं झाकण उघडं ठेवायचं, कळ पूर्ण लाल खुणेवर, आणि इंजिन सुरू. हवा काढायचा स्क्रू दिलेला असेल तर तो सैल करून, त्यातून बुडबुड्यांविना अखंड धार येईपर्यंत थांबायचं. वरचा जाड पाइप मधूनमधून दाबला, की बुडबुडे निघतात आणि पातळी उतरते. ती भरत राहायची. बुडबुडे थांबले आणि हीटर गरम झाला की झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहायची.

काम इथे संपलं तर उत्तम. पण हवा काढल्यावर चार दिवसांत हीटर पुन्हा गार पडला, तर प्रश्न बदलतो: ही हवा येते कुठून? डिझेल इंजिनातला दाब मोठा असतो. हेड गॅस्केट एखाद्या सिलिंडरपाशी उडालं, की ज्वलनाचा वायू थेट पाण्यात घुसतो. थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापायच्या आधीच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, पाणी बाहेर फेकलं जाणं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, या त्याच्या खुणा. गॅरेजमध्ये एक निळा द्राव मिळतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि रंग पालटला, तर पाण्यात ज्वलनाचा वायू आहे हे नक्की.

हेड उतरवण्याआधी मात्र ईजीआर कूलर तपासायला सांगावं. प्रदूषण कमी करण्यासाठी काही धूर परत इंजिनात सोडतात आणि त्याआधी तो याच पाण्याने निववतात. कूलरला आतून चीर गेली, की गाडी 'पाणी खाते', सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आणि जमिनीवर मात्र थेंब नाही.

हळद आणि खडू

जाळी तुंबते ती बहुधा आपल्याच हातांनी. दख्खनच्या विहिरी-बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं जातं आणि त्यातले क्षार गरम भिंतींवर खडूसारखे बसतात. त्यात गळतीवरचे उपाय. रेडिएटर झिरपू लागला की मूठभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. हळद फुगते, भोकात अडकते आणि गाडी मुक्कामाला पोचते. अडचणीत तो कामाला येतोच. पण हळदीला गळकं भोक आणि हीटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. बाजारातल्या गळती बुजवणाऱ्या पुडीलाही नाही.

तुंबलेली जाळी लगेच बदलू नये, कारण त्यासाठी बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पत्र्याच्या भिंतीपाशी दोन्ही पाइप सोडायचे आणि परतीच्या तोंडातून बागेच्या नळीने अगदी हलक्या दाबाने साधं पाणी उलटं सोडायचं. आधी चहासारखं तपकिरी पाणी येतं, मग गाळाचे कपटे, मग धार मोकळी होते. जोर लावला तर जुनी जाळी फुटते. केबिनमध्ये गोडसर वास, काचेच्या आतून तेलकट धुकं आणि पायाखाली ओला गालिचा, ही फुटल्याची लक्षणं. एसीच्या पाण्यानेही गालिचा ओला होतो, पण त्याला वास नसतो.

दोन्ही तक्रारी एकदम आल्या तर

इंजिन तापतंय आणि हीटर गरम आहे, तर थोडा अवधी हातात असतो. एसी बंद, खिडक्या उघड्या, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. हीटरची जाळी हा छोटा रेडिएटरच आहे, तो काही उष्णता केबिनमधून बाहेर काढतो. कसारा घाटात मे महिन्यात हे करणं जिवावर येतं, पण त्याने काटा उतरतो. नंतर पंखा, पंख्याचा व्हिस्कस क्लच, बेल्ट, झाकण आणि चिखल-किड्यांनी भरलेली रेडिएटरची जाळी तपासायची.

काटा वर आणि हीटर अचानक गार, तर गाडी तिथेच थांबवायची. हीटरपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणजे हेडमध्येही ते नसण्याची शक्यता आहे. कधी कधी काटा एकदम खालीही पडतो, आणि चालक सुटकेचा नि:श्वास टाकतो. प्रत्यक्षात पाणी निघून गेल्याने तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडलेला असतो. आणखी दोन किलोमीटर गाडी रेटली की हेड वाकतं. इंजिन बंद करायचं, निवू द्यायचं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही.

उंचावर हे सगळं जास्त झोंबतं. लेहच्या वाटेवरचा तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि उघड्या भांड्यातलं पाणी ८२ अंशांना उकळतं, म्हणजे काही थर्मोस्टॅट जिथे उघडायला सुरुवात करतात त्याच अंशाला. झाकण धड असेल तर ही मर्यादा ११० पर्यंत जाते. रेडिएटरवरून जाणारी हवाही विरळ, म्हणून ती कमी उष्णता वाहून नेते. बाहेर बर्फ असताना चढावर गाडी उकळते ती यामुळे. मुंबईत खपून जाणारं ढिलं झाकण तिथे खपत नाही.

शेवटी कूलंट. साधं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हे मात्र खोटं. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहतं. तयार मिश्रण आणि पाणी घालून वापरायचं कूलंट यांत गल्लत करू नये. रंग पाहून दोन कंपन्यांची कूलंटं एकत्र करू नयेत. रंगाला कसलंही प्रमाण नाही, मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार पाहावा. पाण्यात थेट बसवलेले लायनर असणाऱ्या जड डिझेल इंजिनांना कूलंट उन्हाळ्यातही हवं. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे धरतात आणि फुटतात, आणि त्या माऱ्याने त्याच्या धातूत टाचणीएवढी भोकं पडत जातात. कूलंटमधली द्रव्यं त्यावर थर धरून ते रोखतात. ग्लायकॉल गोड आणि विषारी असतं, म्हणून काढलेलं कूलंट मुलांच्या आणि जनावरांच्या वाटेत ठेवू नये.

एवढं पाहून झालं, की गॅरेजमध्ये सांगायची तक्रार आपोआप बदलते. 'हीटर चालत नाही' याऐवजी असं सांगता येतं: "मिस्त्री, पाणी काठोकाठ आहे, रोज भरावं लागत नाही. वरचा पाइप सुरुवातीपासूनच कोमट होतो. हीटरचे दोन्ही पाइप कोमट. मोबाइलवर पाणी साठ अंशांच्या वर जात नाही." हे ऐकल्यावर कुठलाही जाणता मिस्त्री डॅशबोर्डला हात लावणार नाही. तो थर्मोस्टॅटचे दोन-तीन बोल्ट सोडेल. आत तो सापडला नाही, तर नवा बसवेल. आणि मग पुढचा प्रश्न आपण विचारायचा, की आधीच्या माणसाने तो काढला होता, तो कोणता बिघाड झाकण्यासाठी? लेहला निघण्याआधी त्याचं उत्तर शोधायचं ते घराजवळच्या घाटात, गाडी भरून, भर उन्हात.